नाथाजी काटकरांची धक्कागाडी

नाथाजी काटकरांना सगळा गाव 'बहिरा मिलिटरी' म्हणतो, आणि त्यांना ऐकू येत नाही म्हणून खुशाल त्यांच्या तोंडावर म्हणतो. यात गावाच्या दोन चुका आहेत. एक तर नाथाजी मिलिटरीत नव्हते, हवाई दलात होते. पण माण तालुक्यात अंगावर सरकारी कपडे चढवून जो गेला तो मिलिटरीत गेला, मग तो बोटीवर असो की विमानाखाली. आणि दुसरी चूक अशी की, नाथाजींना ऐकू येत नसलं तरी ओठ वाचता येतात. 'बहिरा' म्हणताना ओठ आधी कसे मिटतात आणि मग कसे उघडतात हे त्यांना तोंडपाठ आहे. ते मान हलवून पुढं जातात, आणि म्हणणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्यानं रामराम घेतला.

दहिवडीहून आत वळणाऱ्या रस्त्यावर, जिथं बाभळी संपून उघडा माळ लागतो, तिथं त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढं पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये पांढरी जुनी अँबॅसिडर. घरापेक्षा शेड ऐसपैस आहे आणि घरापेक्षा ती जास्त झाडली जाते. त्यांची बायको चंद्राबाई चार वर्षांमागं गेली, तेव्हापासून घरात झाडण्यासारखं काही सांडतच नाही. एकट्या माणसाच्या जेवणाचा कचरा तो असून असून किती असणार!

आणि एकटेपणातही फरक असतो बरं का. दुसरा एकटा माणूस निदान रेडिओ लावतो, टीव्ही मोठा करून ठेवतो, घरात कुणीतरी बोलतंय असं स्वतःला फसवतो. नाथाजींना तेवढीही सोय नाही. दारात कुणी येऊन हाका मारून परत गेलं, तर ते त्यांना संध्याकाळी अंगणातल्या धुळीत पावलं बघून कळतं. मग ते त्या पावलांकडं बघत बसतात. कोण असेल, काय काम असेल, पुन्हा येईल का? कानाला लावायचं मशीन मुलानं आणून दिलं होतं. ते नुसतं शिट्टी मारायचं, आणि तीही त्यांना ऐकू यायची नाही, शेजाऱ्यांना यायची. ते मशीन आता खणात पडून आहे.

कान गेले ते नोकरीत. तिकडं दूर, वाळवंटाच्या कडेला असलेल्या एका तळावर नाथाजींची उमेदीची वर्षं गेली. जेट विमानाचं इंजिन कितीही मोठं असो, पहिला श्वास त्याला आपला आपण घेता येत नाही. आधी कुणीतरी त्याची आतली चाकं जोरात फिरवून द्यावी लागतात. ती पुरेशी फिरली की मग इंधन, मग ठिणगी, मग आग, आणि त्यानंतर ते कुणाच्या बापाला जुमानत नाही. त्या तळावरच्या जुन्या विमानांना हा पहिला धक्का द्यायला एक गाडा होता. गाड्यावर मोटारीची दोन इंजिनं शेजारी शेजारी बसवलेली, दोन्हींची ताकद एका शाफ्टमध्ये उतरवलेली, आणि तो शाफ्ट थेट विमानाच्या पोटात. कागदावर त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. पोरं मात्र त्याला धक्कागाडी म्हणत. साहेबाला बाजारहाट करून आणणाऱ्या मोटारीची इंजिनं, आणि ती लढाऊ विमान जागं करायची! नाथाजींना या गोष्टीचं आयुष्यभर हसू येत राहिलं.

धक्कागाडीवाल्याचं खरं कसब चालू करण्यात नव्हतं, सोडण्यात होतं. लवकर सोडलं तर विमानाचं इंजिन अर्धवट पेटून आतल्या आत भाजून निघतं. उशिरा सोडलं तर उलटाच कारभार होतो. विमानच धक्कागाडीला फिरवू लागतं, आणि त्या वेगापुढं मोटारीच्या इंजिनाचा काय निभाव लागणार? नेमकं कधी सोडायचं हे काटे सांगतात, आणि काटे असतात वर कॉकपिटमध्ये. खाली उभ्या माणसाला त्या गदारोळात वरच्याचे फक्त हात दिसतात. म्हणून एक खूण ठरलेली होती. वरच्यानं डाव्या तळहातावर उजवी मूठ ठेवायची आणि झटकन बाजूला ओढायची. ती दिसली की खालच्यानं लिव्हर ओढून शाफ्ट मोकळा करायचा. खुणेआधी नाही, आणि खुणेशिवाय तर नाहीच नाही. आपल्या डोक्यानं सोडणारा माणूस इथं नको, असं त्यांच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नाथाजींनी नोकरीभर ते पाळलं. विमान घोंघावत निघून जायचं, नाथाजी गाडा मागं ओढून सावलीला उभे राहायचे, आणि रोज थोडं थोडं कमी ऐकू यायचं.

नोकरी संपल्यावर त्यांनी सांगलीजवळ माधवनगरला, बंद पडलेल्या एका गिरणीच्या भिंतीला लागून गॅरेज टाकलं. बहिऱ्याचं गॅरेज कसं काय चालणार म्हणून लोक हसले. ते चाललं चंद्राबाईमुळं. गाडी आली की ही बाई हातातलं निवडणं बाजूला सारून बॉनेटपाशी यायची, मान कलती करून ऐकायची, आणि जे ऐकू येईल ते नवऱ्याच्या मनगटावर बोटांनी वाजवून दाखवायची. बारीक सलग टकटक, की मधेच चुकणारा ठोका, की खोलवरून येणारी घरघर. नाथाजी डोळे मिटून ते मनगटावर घ्यायचे आणि मग पाना उचलायचे. गिऱ्हाईकांना वाटायचं, नवरा-बायकोचं भरदिवसा हे काय चाललंय! मुलगा जयराज तिथंच पेटीवर बसून अभ्यास करायचा. त्यालाही खुणांचं वेड होतं. जेवणाचं ताट उचलायची वेळ झाली की तो बापाकडं बघून तळहातावर मूठ ठेवायचा आणि बाजूला ओढायचा.

अँबॅसिडर त्याच काळात घेतलेली. तिच्या इंजिनाचा प्रत्येक आवाज चंद्राबाईनं नवऱ्याला बोटांनी सांगितला होता. गाडीत बसली की तिचा उजवा हात नाथाजींच्या गुडघ्यावर असायचा, आणि सांगलीहून दहिवडीपर्यंत ती बोटं काही गप्प बसायची नाहीत. पुढं ती आजारी पडली, गावाकडं चला म्हणाली, आणि गावाकडं आल्यावर वर्षभरात गेली. गाडी राहिली. नाथाजी दर आठवड्याला तिच्यातून बाजाराला जातात. डावी बाजू मोकळी ठेवतात. इंजिन चालू झालं की जी थरथर पायांतून वर चढते ती गुडघ्यापाशी आली की त्यांना बायकोचा हात ठेवल्यासारखा वाटतो. त्यासाठीच ते बाजाराला जातात. भाजी काय, दारातही येते.

माळावर मेंढरं राखणारा बिराप्पा त्यांच्या बरोबरीचा. तो मुद्दाम गाडीसमोर येऊन तोंड मोठं करून बोलतो.

"काय मिलिटरी, वैनीस्नी घिऊन निगाला व्हय बाजाराला?"

"व्हय. मेथी घ्याची म्हणती."

"मग माज्यासाठनं तंबाकू आणाय सांगा त्यास्नी."

ही चेष्टा दोघं मिळून करतात. बिराप्पाचं बोलणं झालं की नाथाजींचं त्या दिवसाचं माणसांशी बोलणं बहुतेक संपतं.

जयराज सांगलीला असतो. विमानदुरुस्ती शिकवणाऱ्या एका खाजगी कॉलेजात तो शिकवतो. सांगलीबाहेर, द्राक्षबागांच्या पलीकडं ते कॉलेज आहे. पोरगा वाईट नाही. रोज फोनवर संदेश पाठवतो. 'जेवलात का?' 'गोळी घेतली का?' नाथाजी त्यावर अंगठ्याचं चित्र धाडतात. चार वर्षं हे असंच चाललंय. आई गेल्यावर जयराज गावाकडं आला तो मोजक्या वेळा, आणि आला तरी बसला तो दाराकडं तोंड करून.

अशात गेल्या हिवाळ्याच्या शेवटी एक दिवस निराळाच संदेश आला. 'आबा, एक काम आहे. तुम्हालाच जमेल.'

नाथाजींनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. पुढं बरंच काही होतं. कॉलेजचे विश्वस्त वर्धमानअण्णा यांनी लिलावात एक जुनं, छोटं शिकाऊ जेट विमान आणलं होतं. इंजिन धड होतं, पण त्याला फिरवणारा स्टार्टर जळून गेलेला, आणि तसला आता कुठं मिळत नव्हता. नव्या कार्यशाळेचं उद्घाटन ठरलं होतं, हवाई दलातले एक निवृत्त बडे अधिकारी येणार होते, आणि त्यांच्यासमोर ते इंजिन चालवून दाखवीन असा शब्द जयराजनं देऊन ठेवला होता. शेवटी लिहिलं होतं, 'मी सगळ्यांना सांगितलंय, माझे वडील हेच काम करायचे.'

हे शेवटचं वाक्य नाथाजींनी किती वेळा वाचलं ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी कटिंग करून आले, मिशी कातरली, ठेवणीतला शर्ट काढला. बिराप्पानं विचारलं, सोयरीक जमली काय मिलिटरीची?

जयराज गावी आला. विमान छोटं, त्यामुळं धक्कागाडीला मोटारीचं एकच इंजिन पुरणार होतं. सांगलीच्या जुन्या बाजारातून आणू म्हणाला.

"आन् ते मला कसं कळावं?" नाथाजी म्हणाले. "कान न्हाईत मला. हातानं वळखाय लागतंय. मला वळखीचं एकच इंजान हाय."

जयराजनं शेडकडं पाहिलं. "आबा, ते आईचं..."

"व्हय. म्हणूनच. तुजं काम हाय न्हवं? पर एक सांगतो. काम झालं की त्याच सांजंला ते माज्या गाडीत परत बसवायचं. आन् तू सोता येऊन बसवायचं, माज्यासंगं. दुसरं कोण नगं."

"नक्की, आबा."

"आन् रातीला हितंच ऱ्हायचं."

"राहीन."

म्हाताऱ्यानं मागून मागून काय मागितलं, तर पोरगा एका मुक्कामाला. पण ते मागायला त्यांना चार वर्षं तोंड उघडता आलं नव्हतं, आणि गाडीच्या काळजात हात घालायची पाळी आली तेव्हा कुठं ते उघडलं.

इंजिन काढताना बिराप्पा मदतीला आला. शेडच्या आडव्या लोखंडी तुळईला साखळीची कप्पी लावून दोघांनी ते अलगद वर उचललं. गियरबॉक्ससकट इंजिन लटकत असताना बिराप्पा समोर आला.

"वैनी काय म्हणतील?"

"तिच्याच पोराचं काम हाय."

"मग म्या काय बोलत न्हाई," बिराप्पा म्हणाला, आणि उघड्या बॉनेटवर त्यानं आपलं घोंगडं पसरून टाकलं. धूळ जाऊ नये म्हणून असेल, किंवा आतला मोकळा खळगा बघवेना म्हणून असेल.

सांगलीत नाथाजींची सोय कॉलेजच्या होस्टेलात केली होती. 'कामाला जवळ पडेल,' असं जयराज म्हणाला. त्याचा फ्लॅट विश्रामबागेत होता, दोन खोल्या जास्तीच्या असलेला. नाथाजींना ते लागलं, पण त्यांनी मनाला लावून घेतलं नाही, कारण पुढचे दिवस फार चांगले गेले. बापलेक एका गाड्यावर वाकून काम करत होते. शाफ्ट जुळवणं, लिव्हर बसवणं, विमानाच्या पोटातल्या दातेरी तोंडाला बरोबर बसेल असा सांधा लेथवर करून घेणं. काम असं होतं की प्रत्येक गोष्ट विचारावी लागे, आणि बापाला विचारायचं म्हणजे त्याच्या तोंडाकडं बघून बोलणं आलं. कुणीतरी आपल्या तोंडाकडं बघून इतकं सलग बोलतंय, हे नाथाजींना इतकं नवं झालं होतं की ते एक-दोन गोष्टी समजूनही पुन्हा विचारायचे. पोराच्या कपाळावर त्याच्या आईसारखी आठी पडायची. ती बघायची म्हणूनही विचारायचे.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी इंधन न सोडता एक चाचणी घेतली. जयराज वर कॉकपिटमध्ये, नाथाजी खाली गाड्यापाशी, डावा तळवा इंजिनाच्या झाकणावर आणि उजवा हात लिव्हरवर. अँबॅसिडरच्या इंजिनानं विमानाची चाकं बिनतक्रार फिरवली. जयराजनं वरून बापाकडं पाहिलं, तळहातावर मूठ ठेवली आणि बाजूला ओढली. नाथाजींनी लिव्हर ओढला. शाफ्ट सुटला. वर जयराज हसला, लहानपणी ताट उचलून पळताना हसायचा तसा. त्या क्षणी नाथाजींना वाटलं, आपलं उभं आयुष्य कारणी लागलं. असं वाटायला माणसाला फार लागत नाही.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. मांडव, खुर्च्या, फेटे, शाल-श्रीफळ, सगळं यथासांग. भाषणं झाली, नाथाजींनी ती लांबून ओठांवर पाहिली. एका भाषणात 'जयराज काटकर' आलं. 'नाथाजी' कुठं आलं नाही, पण वक्ता मधेच पाणी प्यायला वळला होता, तेव्हा आलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

मग सगळे विमानापाशी आले. पाहुणे, वर्धमानअण्णा, मुलं-मुली, सगळ्यांचे फोन वर. गर्दी उभी केली होती विमानाच्या डाव्या अंगाला, लांब दोरीपलीकडं. नाथाजी आणि त्यांचा गाडा उजव्या अंगाला, पंखाच्या सावलीत. जयराज वर चढला, बसला, खाली बापाकडं बघून त्यानं बोट गोल फिरवलं. चालू करा.

अँबॅसिडरचं इंजिन पहिल्याच फटक्याला लागलं. नाथाजींनी क्लच सोडला, वेग चढवला. तळव्याखाली ती ओळखीची थरथर आली. विमानाच्या पोटातली चाकं हळूहळू फिरू लागली, मग जोरात, मग आणखी जोरात. जयराजनं इंधन सोडलं. मागच्या नळीतून आधी पांढरट धूर, मग हवा थरथरू लागली, आणि पायाखालची जमीन हादरली. पेटलं! डाव्या अंगाला सगळे उड्या मारू लागले. नाथाजींना ते नुसतं दिसत होतं, उघडलेली तोंडं आणि हलणारे हात.

त्यांनी वर पाहिलं, खुणेसाठी. जयराज डावीकडं बघत होता. दोरीपलीकडून पाहुण्यांनी अंगठा वर केला होता आणि जयराज त्यांना हात हलवत होता.

आता विमानानं उचल घेतली. तळव्याखालची थरथर बदलली. ती कशी बदलली हे नाथाजींना सांगायला कुणी नको होतं. आत्तापर्यंत अँबॅसिडरचं इंजिन विमानाला फिरवत होतं, आता ते फिरवलं जात होतं. जमिनीच्या हादऱ्यातूनही तळव्याला ते स्वच्छ कळलं. त्यांनी पुन्हा वर पाहिलं. वर्धमानअण्णा फोन उंच धरून हातवारे करत होते, इकडं बघा, इकडं. जयराज फोनकडं बघून हसत होता.

उजवा हात लिव्हरवरच होता. तो ओढायला कसलीही ताकद लागत नव्हती. कुणी म्हणेल, म्हाताऱ्याला अक्कल नव्हती का? होती. हाताला सगळं कळलं होतं. पण खुणेशिवाय सोडायचं नाही हे त्या हाताला त्याहून जुनं माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. आपल्या मनानं लिव्हर ओढायचा म्हणजे पोरगं आपल्याकडं बघत नाही, बघणार नाही, हे कबूल करायचं. नाथाजींना ते कबूल करायचं नव्हतं. बघेल, आत्ता बघेल. काल बघितलं होतं. त्याला ठाऊक आहे खाली कोण उभं आहे, खाली कुणाचं इंजिन लागलंय. चंद्राबाई असती तर तिनं मनगटावर बोटं आपटून आपटून हात सोडवला असता. ती नव्हती. नाथाजी मान वर करून उभे राहिले.

तळव्याला एक जबरदस्त दणका बसला आणि झाकण उडालं. इंजिनाची कुशी फोडून आतला रॉड बाहेर आला, गरम तेल नाथाजींच्या बुटांवर आणि विजारीवर उडालं, शाफ्ट सांध्यापाशी मोडून घरंगळला. काळा धूर पंखाखालून वर चढला. विमानाला त्याचं काही नव्हतं. ते आपल्या जोरावर चालू लागलं होतं, चालतच राहिलं. डावीकडच्या गर्दीला धूरही कार्यक्रमातलाच वाटला आणि टाळ्या पडल्या.

थोड्या वेळानं जयराजनं विमान बंद केलं. सगळ्यांच्या आधी वर्धमानअण्णा आले आणि त्यांनी नाथाजींचे दोन्ही हात धरले. बहिऱ्याशी बोलायचं म्हणून ते ओरडत असावेत, गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या.

"आबा, लय झाक काम केलासा बगा! पावणं लय खूश झाल्यात!"

"व्हय," नाथाजी म्हणाले.

मग जयराज आला. धावत आला, हसत आला, आणि गाड्यापाशी येऊन थांबला. फुटलेली कुशी पाहिली, तेल पाहिलं, बापाचे पाय पाहिले. खाली बसून त्यानं विजार वर केली. पोटरीला चटका बसला होता, फार नाही. मग वर बघून त्यानं विचारलं. या वेळी तो नीट तोंडाकडं बघून बोलला.

"आबा, लिव्हर का नाही ओढला?"

"तू खूण केली न्हाईस."

"अहो पण तुम्हाला कळलं असेल ना? हात होता ना तुमचा इंजिनावर?"

"कळलं हुतं की."

"मग?"

"तू खूण केली न्हाईस, जयराज."

 जयराजला मागून कुणीतरी हाक मारली असावी, कारण तो वळला. पाहुणे निघाले होते, फोटो राहिला होता. तो उठला, दोन पावलं गेला, परत बापाकडं पाहिलं. नाथाजींनी हातानं जा म्हटलं. फोटोत उभं राहायला त्यांनाही बोलावलं होतं म्हणे, असं नंतर सून संयोगितानं जेवताना सांगितलं. पण ते हाक मारून बोलावलं होतं. तेव्हा नाथाजी पाठमोरे बसून जमिनीवरचे तुकडे गोळा करत होते.

त्या संध्याकाळी ठरल्याप्रमाणं गावी जाणं झालं नाही. पाहुण्यांना निरोप देता देता अंधार पडला. दुसऱ्या दिवशी जयराजनं कॉलेजची पिकअप घेतली, मागं ते फुटलेलं इंजिन दोरांनी बांधलं आणि बापाला शेजारी बसवून निघाला. वाटेत ऊस संपला, बाभळी लागल्या. जयराजनं दोनदा गाडी बाजूला घेऊन बापाकडं तोंड वळवलं. एकदा चहा घ्यायचा का विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाला, "आपण दुसरं इंजिन आणू. याच्याहून चांगलं."

"नगं," नाथाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर जयराजला सोपं गेलं असतं.

इंजिन पिकअपमधून उतरवायला बिराप्पा आला. त्यानं फुटलेली कुशी पाहिली आणि तो मेंढरांकडं निघून गेला. 

जयराज शेडमध्ये गेला. बॉनेटवरचं घोंगडं त्यानं बाजूला केलं आणि आत पाहिलं. मोकळा खळगा, लोंबणाऱ्या दोन-चार वायरी, तळाशी धूळ. तो बॉनेटच्या काठावर दोन्ही हात टेकून वाकला आणि वाकूनच राहिला. नाथाजी शेडच्या दाराशी उभे होते. त्यांना पोराची पाठ दिसत होती, आणि पाठीवरून त्यांना कळलं की तो बोलतोय. खांदे हलत होते, मान मधेच थांबत होती आणि पुन्हा हलत होती. तो बराच वेळ बोलला. चार वर्षांत तो बापाशी एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. चार पावलं पुढं जाऊन पलीकडून वळलं असतं तर ओठ दिसले असते. नाथाजी गेले नाहीत. आपण समोर गेलो तर तो थांबेल, अशी भीती त्यांना वाटली.

शेवटी जयराज सरळ झाला, तोंडावरून हात फिरवला आणि वळला. डोळे लाल होते.

"काय म्हणत हुतास?" नाथाजींनी विचारलं.

जयराजनं बापाकडं पाहिलं. अगदी समोर, नीट, ओठ दिसतील असा तो उभा होता.

"काही नाही, आबा. आत गंज धरलाय, तेच म्हणत होतो."

"एवढा येळ?"

"हो."

नाथाजींना आणखी एकदा विचारावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या कानांचा मनापासून राग आला. ते बोलणं आपल्यासाठी होतं, आपल्या शेडमध्ये, आपल्या बायकोच्या गाडीत वाकून बोललेलं होतं, आणि ते आता कधीच कुणाकडून कळणार नव्हतं. त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. खांदा थरथरत होता. ती थरथर तळव्याला नवी होती, तिचा अर्थ सांगायला कुणी नव्हतं.

"ऱ्हातोस न्हवं आज?" त्यांनी विचारलं.

जयराजनं घड्याळ पाहिलं, मग बापाकडं पाहिलं. "सकाळी पिकअप परत द्यायचीय, आबा."

नाथाजींनी मान हलवली आणि चहा टाकायला आत गेले. चहा घेऊन जयराज दिवस मावळायच्या आत निघून गेला.